केबलवाल्याचा ग्राहक नेमका कोणाचा? सरकारी नियम आणि फ्रँचायझी धंद्याचं आयुष्य

गेल्या काही महिन्यांत मला सारखा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय. "ब्रॉडबँड कंपनीची फ्रँचायझी मिळतेय, घेऊ का?" "आधार केंद्र सुरू करायचंय, चालेल का?" "इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनची एजन्सी देतायत, दोन लाख भरायला सांगितलेत." विचारणारे बहुतेक जण तालुक्याच्या गावचे किंवा शहराच्या कडेला राहणारे, पंचवीस ते चाळीस वयोगटातले. घरचे पैसे किंवा सोनेतारण कर्ज घालून काहीतरी स्वतःचं सुरू करू पाहणारे.

सगळे विचारतात ते कंपनीबद्दल. कंपनी चांगली आहे का, नफा किती सुटतो, मशीन कोणतं देतात. सरकारी नियमांबद्दल कुणी विचारलं तर ते फक्त "लायसन्स लागतं का?" एवढंच. पण अशा धंद्याचं दहा वर्षांचं आयुष्य ठरवण्यात नियमांचा वाटा फार मोठा असतो. एखादा नियम कडक आहे की सैल, याने तितका फरक पडत नाही. त्या नियमामुळे ग्राहक कोणाच्या खात्यात जातो आणि बदलाचा खर्च कोणाच्या खिशातून निघतो, यावर सगळं अवलंबून असतं.

हे समजून घ्यायला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण आहे: गल्लीतला केबलवाला. ताज्या घडामोडीही त्याच क्षेत्रात झाल्यात. जुलै २०२४ मध्ये 'ट्राय'ने केबलच्या मूळ शुल्कावरची कमाल मर्यादा काढून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने केबल ऑपरेटरची नोंदणी पोस्टातून काढून पूर्ण ऑनलाइन केली. दोन्ही निर्णय ऑपरेटरच्या सोयीचे दिसतात. मग त्यांचा धंदा आटत का चाललाय?

आधी साखळी समजून घेऊ

टीव्हीवर चॅनल दिसतो तेव्हा त्यामागे तीन जण असतात. पहिला प्रसारक, म्हणजे चॅनल बनवणारी कंपनी. दुसरा एमएसओ, म्हणजे अनेक चॅनल एकत्र करून शहराशहरांत सिग्नल पोचवणारी मोठी केबल कंपनी. तिसरा आपला लोकल केबल ऑपरेटर. एमएसओकडून सिग्नल घेऊन तो तुमच्या घरापर्यंत वायर ओढतो, पैसे गोळा करतो आणि पावसात चॅनल गेले की खांबावर माणूस चढवतो.

कागदावर याला कुणी फ्रँचायझी म्हणत नाही. पण रचना तीच आहे. माल वरून येतो, नाव वरच्याचं असतं, यंत्रणा वरच्याची असते. खालचा माणूस आपली जागा, आपलं भांडवल आणि आपली ओळखपाळख लावतो आणि वसुलीतला ठरलेला हिस्सा घेतो. मोबाइल कंपनीचा वितरक असो, आधार केंद्र असो की ब्रॉडबँडचा 'पार्टनर', गणित हेच असतं.

नव्वदच्या दशकात हा धंदा सुरू झाला तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा आला आणि ऑपरेटरला जवळच्या मुख्य पोस्ट ऑफिसमध्ये नोंदणी करावी लागू लागली. त्या काळात ऑपरेटरची खरी संपत्ती म्हणजे त्याची वही. कोणत्या घरात कनेक्शन आहे, कोण महिन्याच्या पाच तारखेला देतो, कोण पगार झाल्यावर देतो, कोणाकडे दोन टीव्ही आहेत, हे सगळं त्या वहीत. एमएसओला ती वही कधीच दिसायची नाही. ऑपरेटर सांगेल तो आकडा खरा मानायचा.

यात गैरप्रकार होता, हे स्पष्ट सांगायला हवं. पाचशे कनेक्शन असताना वर शंभर दाखवायची, हे सर्रास चालायचं. प्रसारकाला त्याचे पैसे मिळायचे नाहीत आणि सरकारचा करमणूक कर बुडायचा. म्हणून सरकारला यात हात घालावाच लागला.

२०१२: बॉक्स आला, वही गेली

पहिला प्रयत्न 'कॅस'चा. जानेवारी २००७ पासून दक्षिण मुंबई आणि दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत पैसे देऊन बघायचे चॅनल सेट टॉप बॉक्समधूनच घ्यायची सक्ती झाली. तो प्रयोग तेवढ्यापुरताच राहिला. मग २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून देशभर डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत मार्च २०१३, आणि शेवटचा ग्रामीण टप्पा मार्च २०१७ पर्यंत लांबला.

तंत्रज्ञान म्हणून पाहिलं तर हा बदल योग्यच होता. जुन्या अ‍ॅनालॉग केबलमध्ये जेमतेम शे-सव्वाशे चॅनल मावायचे. डिजिटलमध्ये कित्येक पट जास्त मावतात. चित्र स्वच्छ दिसतं आणि ग्राहकाला हवे तेवढेच चॅनल घेता येतात.

पण या बदलात एक गोष्ट झाली जिच्याकडे फार कमी जणांनी लक्ष दिलं. प्रत्येक बॉक्सला एक नंबर असतो. तो नंबर एमएसओच्या सर्व्हरवर नोंदवल्याशिवाय चॅनल सुरू होत नाही. ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, त्याने घेतलेला पॅक, रिचार्जची तारीख, सगळं त्या सर्व्हरवर. नियमानेच ही यंत्रणा सक्तीची केली आणि ती चालवायची जबाबदारी एमएसओवर टाकली. वीस वर्षं जी वही ऑपरेटरच्या खिशात होती ती वरच्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये गेली.

आता दुसरी बाजू पाहा. एका एमएसओचा बॉक्स दुसऱ्याच्या सिग्नलवर चालत नाही, कारण प्रत्येकाचं कुलूप वेगळं. ऑपरेटरला एमएसओ बदलायचा असेल तर काय करावं लागेल? समजा त्याच्याकडे ३०० घरं आहेत आणि बॉक्स हजार रुपयांना पडतो. म्हणजे तीन लाख रुपये, शिवाय घरोघरी जाऊन प्रत्येकाला समजावणं. बहुतेक ऑपरेटर हे करू शकत नाहीत, आणि वरच्या कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं.

मोबाइल ग्राहकाला जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. एका नियमाने मोबाइल ग्राहकाची ताकद वाढवली. केबलमध्ये तशी सोय हवी तर कोणताही बॉक्स कुठेही चालायला हवा. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये तशी शिफारस केली होती. पण आजही तुम्ही एका कंपनीचा बॉक्स उचलून दुसऱ्या कंपनीच्या वायरला लावलात तर तो चालणार नाही.

थोडक्यात, पारदर्शकतेसाठी आणलेल्या नियमाने पारदर्शकता आणली. पण ग्राहकाची माहिती कोणाची आणि ऑपरेटरला बाहेर पडायचा रस्ता कुठला, याबद्दल तो गप्प राहिला. नियम जिथे गप्प राहतो तिथे मोठ्याचं चालतं.

२०१९: तीनशे तीस रुपयांतले बहात्तर

पुढचा मोठा बदल सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. "आपल्या आवडीचे चॅनल निवडा" अशा जाहिराती तेव्हा दिवसभर लागायच्या. त्या पद्धतीत दोन भाग होते. पहिल्या शंभर चॅनलसाठी नेटवर्कचं मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर. त्यावर पेड चॅनलचे वेगळे पैसे.

या पैशांची वाटणी कशी होते ते पाहू. प्रसारक पेड चॅनलच्या किमतीतले २० टक्के वितरणाबद्दल देतो. एमएसओ आणि ऑपरेटर यांच्यात आपापसांत करार जमला नाही तर नियमाने ५५:४५ हे प्रमाण दिलंय. एमएसओला ५५, ऑपरेटरला ४५.

आता एका घराचं बिल मांडू:

• मूळ शुल्क: १३० रुपये
• पेड चॅनल, समजा: १५० रुपये
• एकूण २८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०.४० रुपये
• ग्राहक देतो: ३३०.४० रुपये

यात ऑपरेटरला काय मिळतं?

• मूळ शुल्काचे ४५ टक्के: ५८.५० रुपये
• पेड चॅनलवरच्या ३० रुपये वितरण शुल्काचे ४५ टक्के: १३.५० रुपये
• एकूण: ७२ रुपये

म्हणजे ग्राहकाने दिलेल्या प्रत्येक रुपयातले साधारण बावीस पैसे. तीनशे घरं असतील तर महिन्याला २१,६०० रुपये. यातून वसुलीच्या पोराचा पगार, अ‍ॅम्प्लिफायरचं वीजबिल, वायर, पेट्रोल आणि पावसाळ्यातली दुरुस्ती. हजार घरांचा ऑपरेटर यात तगतो. तीनशे घरांच्या ऑपरेटरला दुसरा जोडधंदा शोधावाच लागतो. माझ्या ओळखीचे एक ऑपरेटर सकाळी केबलची वसुली करतात आणि दुपारनंतर सीसीटीव्ही बसवायला जातात. आता त्यांचं घर सीसीटीव्हीच्या कमाईवरच चालतं.

हे ५५:४५ सरकारने अन्यायाने ठरवलं असं मला म्हणायचं नाही. उलट निदान एक आकडा कागदावर आला, नाहीतर कित्येक छोट्या ऑपरेटरांना त्याहूनही कमी मिळालं असतं. अडचण वेगळीच होती. १३० रुपयांची मर्यादा पुढची पाच वर्षं जागेवरच राहिली. पगार वाढले, पेट्रोल वाढलं, वायर महागली. जानेवारी २०२० मध्ये ट्रायने नियम बदलले तेव्हा त्याच १३० रुपयांत शंभरऐवजी दोनशे चॅनल द्यायला सांगितले आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे ५२ रुपयांवर मर्यादा आणली. ग्राहक म्हणून तुम्हाआम्हाला ते बरंच वाटलं. पण ती सवलत कोणाच्या हिश्शातून गेली हे कुणी मोजलं नाही.

नियम दर दोन वर्षांनी, कर्ज पाच वर्षांचं

आता तारखा ओळीने पाहा. नवी दरपद्धत अधिसूचित झाली मार्च २०१७ मध्ये. कोर्टकचेरीत अडकून लागू झाली २०१९ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये बदल. त्यावर प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जून २०२१ मध्ये निकाल लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बदल. त्यानंतर दरांवरून वाद झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे चॅनल मोठ्या प्रसारकांनी काही दिवस बंदच केले. जुलै २०२४ मध्ये मर्यादाच काढून टाकली.

प्रसारकाकडे वकिलांची फौज असते. एमएसओकडे सॉफ्टवेअर बदलणारी टीम असते. ऑपरेटरकडे काय असतं? प्रत्येक बदलानंतर तीनशे घरांत जाऊन "काका, पॅक पुन्हा बदललाय" हे सांगायचं काम त्याच्याकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅनल बंद पडले तेव्हा लोकांनी दिल्लीला फोन केला नाही, केबलवाल्याला केला. त्या भांडणात त्याची बाजू कुठेच नव्हती, तरी शिव्या त्याने खाल्ल्या. आणि त्या चार दिवसांत ज्याने कंटाळून मोबाइलवर मालिका बघायला सुरुवात केली तो बहुतेक परत आला नाही.

कुठल्याही फ्रँचायझी धंद्यात गुंतवणूक परत यायला तीन-चार वर्षं लागतात. नियम त्याच्या आत दोनदा बदलला तर पहिलं कर्ज फिटायच्या आधी दुसरं काढावं लागतं. नियम कडक असला तरी चालेल, माणूस त्याप्रमाणे धंदा बसवतो. तो किती दिवस टिकणार हेच कळत नसेल तर छोटा माणूस पैसे घालायचं थांबवतो. मग वायर जुनी होते, सेवा बिघडते, ग्राहक जातो. आपण म्हणतो केबलचा जमाना गेला. तंत्रज्ञान बदललं हे खरं आहे, पण घसरण वेगाने व्हायला हेही एक कारण आहे.

एकाला नियम, दुसऱ्याला मोकळं रान

आता मोबाइलवरचं ओटीटी पाहा. तीच मालिका, तीच क्रिकेट मॅच. केबलवर आली की तिच्या किमतीला, पॅकमधल्या सवलतीला, हिश्शाच्या प्रमाणाला ट्रायचे नियम. ओटीटीवर आली की दराला नियम नाही. २०२१ च्या आयटी नियमांत ओटीटीसाठी आशयाची आचारसंहिता आहे, पण किमतीबद्दल काहीच नाही. दुसरीकडे डीडी फ्री डिशला महिन्याचं बिलच नाही. या दोन्हींच्या मधे केबलवाला उभा आहे.

केबल कंपन्यांची संघटना एआयडीसीएफ आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालानुसार देशातली पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मधल्या १५.१ कोटींवरून २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. हा आकडा उद्योगाच्या संघटनेचा आहे, म्हणून थोडा जपूनच वाचावा. पण दिशा कोणती ते गल्लीत फिरलं तरी कळतं.

शिवाय साखळीतले वरचे दुवे एकमेकांत मिसळलेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या एमएसओंमध्ये बहुसंख्य हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा टीव्ही व्यवसाय स्पर्धा आयोगाच्या मंजुरीनंतर एकत्र झाला. प्रसारक, एमएसओ, ओटीटी आणि घरी येणारं फायबर, सगळं एका छताखाली असू शकतं. हे बेकायदा नाही. पण ऑपरेटरच्या बाजूने पाहा. ज्याच्याकडून माल घ्यायचा, तोच त्याच घरात दुसऱ्या दाराने माल विकतोय. आणि ग्राहकाचा मोबाइल नंबर आधीच वरच्या सर्व्हरवर आहे.

हीच गोष्ट आधार केंद्रांची

केबल जुना विषय वाटत असेल तर आधार घ्या. सुरुवातीच्या वर्षांत आधार नोंदणीचं काम खाजगी एजन्सीमार्फत चालायचं. हजारो तरुणांनी बोटांच्या ठशांचं मशीन, डोळे स्कॅन करायचं यंत्र, लॅपटॉप, प्रिंटर घेऊन केंद्रं उघडली. मग जादा पैसे घेतल्याच्या आणि गैरवापराच्या तक्रारी आल्या. २०१७ मध्ये यूआयडीएआयने केंद्रं सरकारी जागेत हलवायला सांगितली आणि बँकांना शाखांमध्ये केंद्रं उघडायला लावली. पुढे सीएससी केंद्रांमधली नोंदणीही थांबली. एप्रिल २०२० मध्ये बँकेचे प्रतिनिधी म्हणून काम करणाऱ्या सुमारे २०,००० सीएससींना फक्त दुरुस्तीचं काम परत मिळालं.

लोकांच्या बायोमेट्रिकची सुरक्षा महत्त्वाची आहे, त्यामुळे नियम कडक झाले हे बरोबरच. पण प्रामाणिकपणे केंद्र चालवणाऱ्याच्या मशीनचं काय? त्याचे पैसे कोणी परत केले नाहीत. चूक कोणाची हे न बघता सगळ्यांचं दुकान एकदम बंद झालं. आज बँकेचे पैसे अंगठ्यावर देणाऱ्या केंद्रचालकांनाही जुना एल-झिरो स्कॅनर टाकून नवा एल-वन घ्यावा लागलाय. सुरक्षा सगळ्या देशाची वाढते आणि खर्च शेवटच्या टेबलावर बसलेला माणूस करतो.

भारतात फ्रँचायझीचा कायदाच नाही

इथे अनेकांना आश्चर्य वाटेल. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. वाद झाला तर १८७२ चा करार कायदा, ट्रेडमार्क कायदा, स्पर्धा कायदा असं इकडून तिकडून जोडून लढावं लागतं. फ्रँचायझीची व्याख्या आपल्या कायद्यात आली ती सेवाकरासाठी, म्हणजे कर घेण्यापुरती. केबलच्या वादांसाठी टीडीसॅट हे न्यायाधिकरण आहे, पण ते दिल्लीत. परभणीच्या तीनशे घरांच्या ऑपरेटरने वीस-तीस हजारांच्या हिशेबासाठी दिल्लीला वकील लावायचा का?

अमेरिकेत, जिथे हा धंद्याचा प्रकार सगळ्यात फोफावला, तिथे कॅलिफोर्नियाने १९७० मध्येच कायदा केला आणि १९७९ पासून केंद्र सरकारच्या पातळीवर फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझी नियम लागू आहे. तो नियम कोणाचा नफा ठरवत नाही की हिस्सा ठरवत नाही. तो म्हणतो, सही किंवा पैसे घ्यायच्या किमान १४ दिवस आधी समोरच्याला २३ मुद्द्यांची माहिती लेखी द्या. कंपनीवर कोणते खटले आहेत, सुरुवातीला आणि नंतर किती पैसे लागतील, करार कसा संपवता येतो, गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली आणि किती बंद पडली. मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे, गेल्या वर्षी फ्रँचायझी सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्कही द्यावा लागतो. म्हणजे तुम्ही सरळ फोन करून विचारू शकता, "का सोडलंत?"

त्याने तिथले सगळे प्रश्न सुटलेत असं नाही. मूळ कंपनी आणि फ्रँचायझीदार यांच्यातली भांडणं तिथेही कोर्टात जातात. पण निदान माणूस डोळे उघडे ठेवून सही करतो.

मग काय करायला हवं?

"नियम कमी करा, धंदा आपोआप वाढेल" असं सांगणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. जुलै २०२४ मध्ये १३० रुपयांची मर्यादा गेली. पण साखळीत ज्याच्या हातात ग्राहकाची यादी आहे, दर ठरवायची ताकद त्याच्याकडेच जाते. ऑपरेटरला नुसती मोकळीक मिळून उपयोग नाही, त्याला पर्याय हवा. माझ्या मते तीन गोष्टींनी मोठा फरक पडेल.

पहिली, माहितीवरचा हक्क. ज्या ग्राहकाला ऑपरेटरने जोडलंय त्याची यादी करार संपताना ऑपरेटरलाही मिळाली पाहिजे, ग्राहकाच्या संमतीने.

दुसरी, बाहेर पडायचा रस्ता. बॉक्स, राउटर, मशीन शक्यतो कोणत्याही कंपनीवर चालणारं असावं. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, पण अशक्य नाही.

तिसरी, बदलाचा कालावधी. छोट्या माणसाच्या यंत्रसामग्रीवर परिणाम करणारा नियम आणताना जुनं यंत्र वापरायला पुरेशी मुदत द्यावी किंवा खर्चात वाटा उचलावा.

जानेवारी २०२५ चा नोंदणीचा बदल या बाबतीत चांगला आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी, पूर्ण देशात चालणारी, ऑनलाइन, शुल्क ५,००० रुपये. आधी ती त्या पोस्ट ऑफिसच्या हद्दीपुरतीच होती. नियम पाच वर्षं टिकणार हे आधीच माहीत असणं हाच मोठा आधार असतो. पण तो फक्त दारावरच्या पाटीपुरता झाला. आतला हिशेब अजून तसाच आहे.

सही करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत अमेरिकेतली ती माहिती तुम्हीच मागा. कुठलीही फ्रँचायझी, एजन्सी, 'पार्टनरशिप' असो:

१. ग्राहकाचं नाव-नंबर कोणाच्या सिस्टीममध्ये राहणार? करार संपल्यावर मला मिळणार का?

२. मी घेतलेलं मशीन दुसऱ्या कंपनीसाठी वापरता येतं का? नसेल तर कंपनी ते परत घेते का, किती पैशांत?

३. सरकारचा नियम बदलला आणि नवीन यंत्र लागलं तर खर्च कोणाचा? हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन धरू नका.

४. माझा हिस्सा कशाच्या टक्केवारीत आहे? एकूण बिलाच्या, कर वगळून, की कंपनीच्या हिश्शातून? वर केलं तसं एका ग्राहकाचं बिल कागदावर मांडा.

५. हीच कंपनी माझ्या भागात स्वतः, अ‍ॅपवरून किंवा दुसऱ्या ब्रँडने थेट विकू शकते का?

६. गेल्या दोन वर्षांत या जिल्ह्यात कोणी सोडलं? त्यांचे नंबर द्या. कंपनी देत नसेल तर तुम्ही स्वतः शोधा, तालुक्यात दोन-तीन तरी सापडतात.

एक सातवी गोष्ट कंपनीला विचारायची नाही, स्वतः बघायची. तुमच्या धंद्यावर कोणत्या खात्याचं किंवा नियामकाचं नियंत्रण आहे आणि गेल्या पाच वर्षांत त्याने किती वेळा नियम बदलले. ट्राय, रिझर्व्ह बँक, यूआयडीएआय, सगळ्यांची परिपत्रकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. तीन-चार वेळा बदल झालेले दिसले तर पहिल्या वर्षीच सगळं भांडवल घालू नका आणि कर्जाचा हप्ता हातातल्या कमाईच्या निम्म्याच्या आत ठेवा.

केबलवाल्यांची पहिली पिढी मेहनतीत कमी पडली नव्हती. त्यांनी वायर ओढली, ग्राहक जोडले, पण सेट टॉप बॉक्स बसवताना त्या ग्राहकाची नोंद कोणाच्या सर्व्हरवर होतेय हे विचारलं नाही. तेव्हा ते त्यांना सांगणारंही कोणी नव्हतं. तुमच्यासमोर जो करार येईल त्यात ही ओळ कुठे आहे ते आधी शोधा, रकमेचा आकडा नंतर बघा.